बरोबर म्हणेपर्यंत

९ जानेवारी

ताई,

कामाच्या मेलवर लिहिलं असतं तर हे तुला लगेच मिळालं असतं. पण तिथे तू ‘प्रमुख तपासनीस, मॉड्यूल कारखाना’ आहेस आणि मी ‘तपासनीस, उभारणी साइट’. त्या दोघींचं एकमेकींशी नीट चाललंय, त्यांच्यात मला पडायचं नाही. फोनवर आपलं काय होतं ते तुलाही माहीत आहे. म्हणून कागद.

बाबांनी सांगितलं म्हणून लिहिते आहे. काल जेवताना म्हणाले, “ताईला विचार, भट्टीच्या पहिल्या मॉड्यूलचे जोड तिनं स्वतः तपासलेत का.”

मी म्हटलं, “तुम्हीच विचारा.”

“ती ड्युटीवर असेल,” म्हणाले आणि पाणी प्यायले.

तू घर सोडल्याला सहा वर्षं झाली. एवढ्या काळात बाबांनी तुझ्याबद्दल हे एकच वाक्य वापरलं आहे. शेजारणीनं विचारलं, ती ड्युटीवर आहे. टपालवाल्यानं विचारलं, ती ड्युटीवर आहे. मला वाटायचं हा राग आहे. आता वाटतं, हा नियम आहे.

आपल्या घराचा नियम तू विसरली नसशील. बॉयलरच्या आवाजात सांगितलेलं नीट ऐकू जात नाही, म्हणून ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं आणि सांगणाऱ्यानं ‘बरोबर’ म्हणेपर्यंत हात हलवायचा नाही. बाबांनी तो नियम वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममधून उचलून स्वयंपाकघरात आणला. “साखर आणि काडेपेटी आण.” “साखर आणि काडेपेटी.” “बरोबर.” मगच चपला. आई म्हणायची, “अहो, हा माझा संसार आहे की टर्बाइन?” आई गेली, पण नियम आहे.

त्या दिवशी तू बॅग घेऊन दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, “मी जाते.” बाहेर पडताना माणूस ‘येते’ म्हणतो. तू ‘जाते’ म्हणालीस. बाबांनी ते परत म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. खुर्चीच्या हातावरचा रंग नखानं खरवडत बसले. तू थोडी थांबलीस आणि निघालीस. म्हणजे निरोप पोचलाच नाही. बाबांच्या लेखी तू अजून गेलेली नाहीस.

मी कधी कुठे गेले नाही. त्यामुळे माझं काही परत म्हणायची वेळ कोणावर आली नाही.

तर प्रश्न असा: जोड तू तपासलेस का? उत्तर एका शब्दात चालेल.

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. ‘हो. सगळे.’ मी एक शब्द मागितला होता, तू दुप्पट दिलेस.

बाबांनी तो कागद घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला आहे. चष्मा आता फळीवर उघडा असतो आणि त्याच्यावर धूळ बसते. धूळ मी पुसते.

जोड मीही तपासते, ताई. चार वर्षं झाली. बाबांनी माझ्या एकाही जोडाची चौकशी केलेली नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, आणि मी घरातच पिकते.

इथलं विचारलं नाहीस, तरी सांगते. तू पाहिलेलं शेवटचं म्हणजे ते सभागृह. बाबा पहिल्या रांगेत, ‘केंद्र वाचवा’चा फलक मांडीवर घेऊन. तू मंचावर. तू म्हणालीस की कोळशाचं वीजकेंद्र आज ना उद्या बंद होणारच, तर त्याच जागेवर, त्याच तारांना आणि त्याच पाण्याला छोट्या अणुभट्ट्या जोडून घ्या, म्हणजे गावाच्या हाताला काम तरी राहील. तुझं म्हणणं चुकीचं नव्हतं. फक्त बाबा पहिल्या रांगेत होते.

पुढे केंद्र बंद झालं. चिमणीचा धूर थांबला आणि दोरीवरचे कपडे पांढरेशुभ्र राहायला लागले, पण ते घालून जायचं कुठे हा प्रश्न होता. बस सकाळ-संध्याकाळवर आली. शाळेत दोन वर्ग एका खोलीत बसवले. न्हाव्यानं अर्ध्या दुकानात बटाटे विकायला घेतले. म्हणायचा, “सोलायचं काम तेच.”

आता पुन्हा हालचाल आहे. लोक गाड्या रस्त्यावर लावतात आणि गॅरेज भाड्यानं देतात. परांची बांधणारे, क्रेनवाले, पाइप ओढणारे, सगळ्यांना काम आहे. बाबांच्या जुन्या पाळीतल्या निम्म्या लोकांनी पुन्हा शिकून परीक्षा दिल्या. कोणी सुरक्षेला आहे, कोणी पाणी शुद्ध करायच्या विभागात. हे सगळं तुझ्या भाषणात होतं. भाषणात नव्हतं ते कँटीनवाल्या मावशी सांगतात: “रेडीमेड भट्टी आहे ही. पाणी घाला, गरम करा, वाढा. स्वयंपाक झाला तिकडे, आपण नुसती ताटं मांडायची. ताटं मांडून झाली की घरी.”

चुकीचं बोलत नाहीत त्या. चारही भट्ट्या तुमच्या कारखान्यात तयार होणार. कायमचे वेल्डर तुमच्याकडे, कायमचे तपासनीस तुमच्याकडे. आमच्याकडे उभारणीपुरती माणसं, आणि मग एका कंट्रोल रूममधून चारही चालवणारे थोडे. मावशींना मी सांगितलं नाही की तिकडे स्वयंपाकावर देखरेख करणारी आमची ताई आहे. बाबांनी आधीच सांगून ठेवलेलं निघालं.

आणखी एक. कोळशाच्या केंद्राला लोक थोरली म्हणायचे, आठवतं ना? भट्टीला आता धाकटी म्हणतात. परवा बाबा फोनवर मित्राला ओरडून विचारत होते, “धाकटी कधी येतेय? आँ? मी वाट बघतोय!” मी त्यांच्या मागे भाजी चिरत उभी होते.

धाकटी (घरातली)


२७ फेब्रुवारी

ताई,

धाकटी आली. म्हणजे ती.

ट्रेलरला इतकी चाकं होती की मुलं मोजायला लागली आणि भांडायला लागली. चौकातल्या विजेच्या तारा वर उचलून धराव्या लागल्या. न्हावी एका गालावर फेस लावलेलं गिऱ्हाईक घेऊन रस्त्यावर उभा होता.

बाबांनी नवा शर्ट घेतला. स्वतः जाऊन. मी दिलेला अजून घडीत आहे. फाटकावर पहारेकऱ्याला म्हणाले, “प्रमुख तपासनिसांचा वडील आहे मी.” त्यानं हेल्मेट देऊन आत सोडलं. तो पहारेकरी चार वर्षं रोज माझं ओळखपत्र उलटून पाहतो.

आत आल्यावर बाबांनी झाकलेल्या मॉड्यूलला एक फेरी मारली. “एवढीशी?” म्हणाले. “आमच्या बॉयलरच्या पोटात अशा दोन निजल्या असत्या.” मग हळू आवाजात मला, “ताईचा शिक्का कुठंय?”

मी दाखवला. पाइप जिथे भट्टीच्या भांड्याला मिळतो त्या जोडाशेजारी, नखाएवढा, तुझ्या क्रमांकाचा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, वाकून पाहिलं. बराच वेळ. तुझ्या शिक्क्याशेजारी एक मोकळा चौकोन असतो. तो साइटच्या तपासनिसाचा. बाबांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तेव्हा तो मोकळाच होता.

घरी येताना म्हणाले, “पोरीचा हात आईवर गेलाय. स्वच्छ काम.” मी म्हटलं, “तपासणाऱ्याचा हात नसतो, बाबा, डोळा असतो.” ते म्हणाले, “तेच ते.”

बाकी काम नेहमीसारखं. प्रवासात काही हललं नाही ना, एवढं बघायचं असतं, ते सुरू केलं आहे. एका जोडाचं परत बघायचं आहे. थंडी कमी झाली.

धाकटी


६ मार्च

ताई,

मागच्या पत्रात थंडीच्या आधी एक वाक्य होतं. तो जोड सातवा. त्याच्यावर शिक्का तुझा.

हे पत्र आत्ता टाकणार नाही. अधिकृत अहवालाआधी तुला कळलं तर ते नियमाला धरून होणार नाही. लिहून ठेवते, कारण नंतर लिहिलं तर मी ते नीटनेटकं करीन.

धातूत आवाज सोडायचा आणि तो आतून कुठून परत येतो ते पडद्यावर बघायचं, एवढ्यावर आपण दोघी पोट भरतो. सातव्या जोडात, खालच्या अंगाला, एक प्रतिध्वनी येतो. तो दोन गोष्टींचा असू शकतो. पाइप आतून तासलेला आहे, तिथल्या पायरीवर आवाज आपटून भेगेसारखा दिसतो. त्याला आपण भूमिती म्हणतो आणि पुढे जातो. किंवा मग तिथे दोन धातू एकजीव झालेलेच नाहीत. तुलाही तो प्रतिध्वनी दिसला असणार. तू भूमिती म्हटलंस. मला ती भूमिती वाटत नाही.

आता मुद्द्याचं. पडद्यावर तो दिसला तेव्हा मला आनंद झाला. आधी आनंद, मग काळजी. क्रम तसाच होता, मी तो बदलणार नाही. डोळ्यांसमोर बाबा आले, वाकून तुझा शिक्का पाहणारे, आणि मी मनात म्हटलं, बघा, नीट बघा.

मग हात थांबला.

तपासताना आनंद झाला की बाई तपासनीस राहत नाही, फिर्यादी होते. मी जोडावर आवाजासाठी लावलेलं जेल पुसलं, पुन्हा लावलं. उपकरण ठोकळ्यावर पुन्हा जुळवून घेतलं. त्या ठोकळ्यातलं भोक कुठे आहे हे आधीच माहीत असतं, म्हणून त्याच्यावर विसंबता येतं. प्रतिध्वनी जिथल्या तिथे होता. उपकरण ठीक आहे. मी ठीक आहे का, हे कोणत्या ठोकळ्यावर जुळवून बघायचं? शाळेपासून मी स्वतःला तुझ्यावर जुळवत आले. उंची, मार्क, वेणी, अक्षर. या वेळी तपासायची आहेस तूच.

वेगळ्या बाजूनं पाहिलं तर उलगडा होईल. पण जोडाच्या दुसऱ्या अंगाला वाहतुकीचा लोखंडी आधार बोल्टांनी आवळलेला आहे आणि तो काढायचा अधिकार फक्त तुमच्या कारखान्याला. बोल्टांवरचा रंग पाहिला. तो जोडावरच्या रंगाच्या खाली जातो. म्हणजे तुम्ही आधार आधी बसवता आणि तपासणी नंतर करता. तुलाही एकच बाजू दिसली.

उद्या शेजारच्या साइटवरचा तपासनीस येतोय. त्याला सगळे मौनी म्हणतात, का ते भेटल्यावर कळतं. त्याला जागा सांगणार नाही. फक्त जोड दाखवीन. त्याला काही दिसलं नाही, तर या पत्राचे तुकडे होतील आणि माझे काय ते मी बघीन.


११ मार्च

ताई,

मागचं पत्र याच पाकिटात आहे. अहवाल काल गेला. आता दोन्ही वाचायला हरकत नाही.

मौनी आले, त्यांनी पूर्ण जोड फिरून पाहिला, खडूनं एका जागी खूण केली. माझ्याच जागी. मी विचारलं, “काय वाटतं?” ते म्हणाले, “आहे.” “भूमिती?” खांदे उडवले. डबा उघडून जेवायला बसले.

मग साइटप्रमुख. त्यांना आम्ही सबुरी म्हणतो, कारण कशालाही त्यांचं पहिलं उत्तर ‘सबुरीनं घ्या’.

“मॅडम, सबुरीनं घ्या. प्रतिध्वनीच आहे ना? माझी बायको बोलते त्याचाही घरात येतो. मी कुठे लिहून ठेवतो?”

“तुमच्या घरात दाब नसतो, सर.”

“तुम्ही कधी आला नाहीत आमच्याकडे.” मग हसू आवरून म्हणाले, “भूमिती असण्याची शक्यता आहे की नाही?”

“आहे.”

“मग तेच लिहा.”

“शक्यतेवर शिक्का मारता येत नाही. दुसऱ्या बाजूनं बघेपर्यंत सातवा जोड नामंजूर.”

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. “अहो, तुमची सख्खी बहीण आहे ना ती? लोक काय म्हणतील, कल्पना आहे?”

“आहे. म्हणून तर मौनींना आधी बोलावलं.”

लोक जे म्हणणार होते तेच म्हणाले. मॉड्यूल बसत नाही तोवर पुढचं काही हलत नाही. क्रेन उभी आहे. परांचीवाल्यांना निरोप येईपर्यंत घरी बसायला सांगितलं. काल न्हाव्याच्या दुकानावरून जाताना तो आतूनच म्हणाला, “तुमच्या दोघींच्या जावाजावांत आमची चूल विझली, मॅडम.” मी म्हटलं, “आम्ही जावा नाही, बहिणी आहोत.” “मग तर आणखीच,” तो म्हणाला. कँटीनच्या मावशी चहा देतात, पण कप आपटून.

त्यांना चुकीचं म्हणता येत नाही हाच त्रास आहे. मी तुझ्यावर जळते हे गावाला माहीत आहे. मी नीट झाकून ठेवलंय असं समजत होते. झाकण काचेचं निघालं.

बाबा न्हाव्याकडूनच ऐकून आले. हेल्मेटच्या वेळी घातलेला शर्ट काढून खुंटीला लावला आणि खुर्चीत बसले. संध्याकाळी शेजारणीनं खिडकीतून विचारलं, “धाकटी आहे का हो घरात?” मी ओट्यापाशी उभी होते, त्यांना दिसत होते. बाबा म्हणाले, “ती ड्युटीवर आहे.”

सहा वर्षं मला या वाक्याचा हेवा वाटत होता. मिळालं एकदाचं.

आधार काढायला तुमची तुकडी यावी लागेल. तुकडीबरोबर प्रमुख तपासनीस येईलच असं नाही, हे मला माहीत आहे.

धाकटी


२४ मार्च

ताई,

तू स्वतः इथे होतीस, तरी लिहिते. तू पडद्याकडे बघत होतीस, मी तुझ्याकडे. आपण एकच गोष्ट पाहिली असं होणार नाही.

फाटकातून आलीस तेव्हा पहारेकऱ्यानं तुझंही ओळखपत्र उलटून पाहिलं. मला बरं वाटलं. हे नोंदवायला हवं.

तू मला “नमस्कार, मॅडम” म्हणालीस आणि मी तुला “या, मॅडम” म्हटलं. मौनींनी एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चक्क वाक्य बोलले: “नाक एकच आहे की.” सबुरी उगाचच खोकले.

तू आधी जुन्याच बाजूनं पाहिलंस. तोच प्रतिध्वनी. “भूमिती,” म्हणालीस. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तुझ्या त्या आवाजाशी माझी जुनी ओळख आहे. सभागृहात तोच होता. त्या आवाजात तू बरोबर असतेस आणि समोरचा उरत नाही. मला वाटलं, झालं. मी चुकले, आणि का चुकले हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मग तुझ्या लोकांनी बोल्ट काढले. आधार निघाला, खालचा धातू उघडा झाला. तू जेल लावलंस. आवाज सोडणारा प्रोब ठेवलास आणि थांबलीस. सरकवलास. परत आणलास. कोन बदललास. मी तुझी मान पाहत होते. लहानपणी गणित अडलं की तुझी मान अशीच डावीकडे कलायची, आणि मी माझं उत्तर झाकून धरायची.

तू वळलीस आणि त्या आवाजात नाही, साध्या आवाजात म्हणालीस, “तुझं म्हणणं सांग.”

मी म्हटलं, “जोड सातवा. खालच्या अंगाला धातू एकजीव झालेला नाही. मर्यादेबाहेर.”

“जोड सातवा. खालच्या अंगाला धातू एकजीव झालेला नाही. मर्यादेबाहेर,” तू म्हणालीस.

मग सगळे तुझ्याकडे बघत राहिले, कारण त्यांना वाटलं पुढे काहीतरी येईल. पुढचं माझ्याकडे होतं. सांगणारी मी होते.

“बरोबर,” मी म्हटलं.

आनंद झाला नाही. मी शोधला, नव्हता. तुझ्या बोटाला जेल लागलं होतं आणि पुसायला तुझ्याकडे फडकं नव्हतं, एवढं दिसलं. मी माझं दिलं.

घरचं तू पाहिलंस. पाहिलं नाहीस ते सांगते. तू येणार हे कळल्यावर बाबांनी खुर्चीच्या हाताला नवा रंग दिला. ओला होता म्हणून दिवसभर उभे राहिले. तू आलीस तेव्हा “बस” म्हणाले आणि तू नेमकी तिथेच बसलीस. तुझ्या बाहीला लागलेला तो पट्टा तिकडे गेल्यावर दिसला असेल. कशानं निघतो ते मला विचारू नकोस, निघत नाही.

तुमचं जे बोलणं झालं ते सगळं पंप, वाफ आणि दाब यांच्याबद्दल होतं. मी दोनदा चहा केला. बाबांनी तुला विचारलं, “चूक कुणाची?” तू म्हणालीस, “आधार आधी बसवायचा हा क्रम मीच मंजूर केला होता, बाबा. वेळ वाचायचा. आम्ही सगळे एकाच बाजूनं बघत होतो.” बाबा म्हणाले, “हं.” मग माझ्याकडे न बघता, “आणि हिला दिसलं?” “हिला दिसलं,” तू म्हणालीस. त्यांनी पुन्हा “हं” केलं. हा दुसरा ‘हं’ थोडा लांब होता. मी मोजला नाही, पण लांब होता.

निघताना तू दारात उभी राहिलीस. तीच बॅग. मला वाटतं तू मुद्दाम थांबलीस, किंवा बॅगेचा पट्टा अडकला असेल.

“बाबा, येते,” तू म्हणालीस.

ते ओल्या रंगाकडे बघत होते. “येतेस,” म्हणाले.

“बरोबर.”

आणि तू गेलीस. नीट, नियमाप्रमाणे. सहा वर्षं अडकलेला निरोप एका शब्दानं सुटला, आणि मी दाराआड कपबश्या घेऊन उभी होते. ताई, मी या घरात त्यांच्या रोजच्या गोळ्या काढून ठेवते. पण परत येण्याचं सुख ज्याला मिळतं त्याला आधी जावं लागतं. मला कोणी ‘येतेस’ म्हणणार नाही.

थोड्या वेळानं बाबा म्हणाले, “धाकटे, दार लाव. वारा येतोय.”

मी काही न बोलता निघाले, तर म्हणाले, “परत म्हण.”

“दार लाव, वारा येतोय.”

“बरोबर.”

मी दार लावलं.

धाकटी


१८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. लांब होतं. मी कामाच्या कागदासारखं वाचलं, आणि मग पत्रासारखं.

गाव तुझ्यावर खूश आहे. कारखान्यानं मान्य केलं की सातवा जोड परत न नेता इथेच कापून पुन्हा जोडायचा (तेवढं झालंही), आणि यापुढे येणाऱ्या तिन्ही मॉड्यूलचे आधार इथे काढून जोड दोन्ही बाजूंनी इथेच तपासायचे. त्यासाठी कायमची शेड, कायमचे वेल्डर. नंतर इतर साइटच्या भट्ट्यांची देखभालही त्याच शेडमधून. मावशी म्हणाल्या, “चला, निदान फोडणी तरी आपल्याकडे आली.” न्हाव्यानं बटाटे काढून टाकले आणि दुसरी खुर्ची मागवली.

बाबा पुन्हा नवा शर्ट घालून गावभर सांगत फिरतात, “आमच्या ताईनं धाकटीला कामाला लावलं.” कोणती धाकटी, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. खोट मी शोधली, क्रम मी पकडला, क्रेन थांबल्याच्या शिव्या मी खाल्ल्या, आणि शेड दिली ताईनं. मी काल बाबांना हे म्हटलं. याच शब्दांत. मग त्यांनी चष्म्याची डबी उघडली आणि माझ्या हातात दिली. तुझ्या ‘हो. सगळे.’ खाली आणखी एक कागद होता. सातव्या जोडावरच्या दोन शिक्क्यांचा फोटो, दुरुस्तीनंतरचा. त्यांनी तो सबुरींकडून मागून आणला होता. पेन्सिलनं माझ्या शिक्क्याभोवती गोल होता. तुझ्याभोवती नव्हता.

“दुसरी बाजू बघितलीस?” बाबा म्हणाले. मला वाटलं फोटोची. उलटून पाहिली, कोरी होती. ते हसले. मी खूप दिवसांनी त्यांना माझ्यामुळे हसताना पाहिलं.

आता तुझ्या पत्राचं. नियमाप्रमाणे परत म्हणून दाखवते. शेड मी चालवायची. वेल्डर मी निवडायचे. नामंजूर करण्याचा अधिकार माझा, त्यात कारखान्यानं, म्हणजे तू, ढवळाढवळ करायची नाही. शिफारस तू केलेली नाहीस. सातव्या जोडाचा अहवाल वाचून वरच्यांनी माझं नाव पुढे केलं, आणि तू बहीण असल्यामुळे त्या बैठकीतून उठून बाहेर गेलीस. शेवटी तू लिहिलं आहेस, “माझ्या हाताखाली नाही, माझ्याबरोबर.”

तो शेवटचा शब्द मी बराच वेळ वाचला. मला तो आजवर एकाच अर्थानं माहीत होता.

काम मी घेते आहे. पहिल्या दिवशी दारावर पाटी लावणार आहे: इथे दोन्ही बाजू बघतात. न्हावी म्हणतो तो ती फुकट रंगवून देईल. त्याचं शुद्धलेखन बघता मी विचार करते आहे.

आता माझा निरोप. हा तू परत म्हणून दाखवायचा आहेस.

मला तुझा हेवा वाटतो. सभागृहात तू बरोबर होतीस त्याचा, गेलीस त्याचा, आलीस त्याचा तर जास्तच. तो गेलेला नाही. दुरुस्तीनंतर सातव्या जोडातही एक बारीक प्रतिध्वनी उरला आहे, भूमितीचा. मी दोन्ही बाजूंनी पाहिला, मर्यादेत आहे, लिहून ठेवला आणि शिक्का मारला. तसाच हा. कापायची गरज नाही, पण नोंदीशिवाय शिक्का मारणार नाही.

पुढच्या मॉड्यूलबरोबर तू ये. खुर्चीचा रंग वाळला आहे.

हे सगळं परत म्हण, एकही शब्द न गाळता, पहिलं वाक्य धरून. मी ‘बरोबर’ म्हणेपर्यंत हात हलवू नकोस.

घरातली धाकटी